पाणसळकर सर आणि माझे हात

सर उमेदवाराच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. मुलाखतीला आलेला डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून, सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून केबिनमध्ये शिरला, की सर कपातल्या चहाकडे बघत विचारायचे, "खाल्लंय का काही? मग चला, हात धुवा." फाइल केबिनमध्येच राहायची. थोड्याच वेळात तो डॉक्टर हिरवे कपडे घालून ऑपरेशन थिएटरात उभा असायचा, हातात कॅमेऱ्याची दांडी आणि समोर पसरलेल्या चादरीखाली कोणाचं तरी पोट. सर पडद्याकडे बघत काम करायचे. ऑपरेशन संपेपर्यंत त्यांना त्या माणसाबद्दल जे कळायचं ते कळलेलं असायचं, आणि तोच माणूस नंतर जिन्यात भेटला तर सर त्याला ओळखायचेही नाहीत.

उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत सरांचं हॉस्पिटल होतं. खाली शिलाई मशीनची घरघर, वर आम्ही. सर्जरीची पदवी घेतलेल्या एका डॉक्टरला सर दर वर्षी दुर्बिणीच्या ऑपरेशनांचं शिक्षण देत. जागा एकच, आणि तिच्यासाठी पुणे-नाशिकहूनही मुलं यायची, कारण सरांनी निवडलेला माणूस पुढे कुठेच अडत नाही अशी ख्याती होती. मुंबईतले मोठे सर्जनही आपल्याकडे कोणाला घ्यावं हे ठरवताना सरांना फोन करायचे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात सर्जनला पोट दिसत नाही, पडदा दिसतो. पडद्यावर काय दिसणार ते कॅमेरा धरणारा ठरवतो. त्याचा हात जरा फिरला की यकृत कलंडतं, डावं-उजवं कळेनासं होतं. असं झालं की सर म्हणायचे, "पाणसळ सुटली." सरांचे वडील अंबरनाथला गवंडी होते आणि भिंतीचा थर समपातळीत आहे की नाही बघायचं त्यांचं ते अवजार सरांच्या तोंडात कायमचं राहिलं होतं. चुकलेल्याला ते ओरडायचे नाहीत. एवढंच म्हणायचे आणि हत्यार थांबवून, पडदा सरळ होईपर्यंत उभे राहायचे. त्यामुळे आम्ही त्यांना पाठीमागे पाणसळकर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही असावं.

उमेदवाराला जोखायची त्यांची युक्ती मला फार उशिरा समजली. पित्ताशयाची नळी मोकळी करताना, म्हणजे सगळ्यांचे श्वास रोखलेले असतात तेव्हा, ते उमेदवाराच्या हाताकडे लक्षच द्यायचे नाहीत. तो अवघड भाग उरकला की ते मुद्दाम हत्यारं बाहेर काढायचे आणि भूल देणाऱ्या मॅडमशी काहीतरी फालतू विषय काढायचे. गल्लीत गाडी कोणी आडवी लावली, फर्निचर मार्केटातल्या दुकानदाराने कपाटाच्या दाराला कशी भलतीच बिजागरी लावली, असलं काहीतरी. बोलणं लांबत जायचं. बहुतेकांचा हात मग हळूहळू सैल पडायचा आणि पडदा कुठेतरी चरबीवर जाऊन बसायचा. "काम असताना सगळेच सावध असतात," सर म्हणायचे. "काम नसताना हात कसा राहतो, ते बघायचं."

एकदा सुवर्णपदक मिळवलेला मुलगा आला होता. त्याचा हात दगडासारखा स्थिर. आम्हाला वाटलं, झालं याचं काम. सर बाहेर येऊन म्हणाले, "याला नको." मॅडमनी कारण विचारलं. "तो स्वतः बघत होता. मला दाखवत नव्हता." नंतर मी मनात ते ऑपरेशन पुन्हा चालवून बघितलं आणि पटलं. मुलाला यकृतावरचा एक डाग महत्त्वाचा वाटला होता आणि सर नळीपाशी असताना कॅमेरा दोनदा त्या डागाकडे वळला होता.

निकाल सांगायचीही एक रीत होती. नापास झालेल्याला चहा मिळायचा. पास झालेल्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून दालपकवान यायचं, वर कच्चा कांदा आणि चिंचेची चटणी. मॅडम सिंधी, त्यांनीच ही चाल पाडली असणार. ऑपरेशन संपलं की त्या मास्क खाली ओढून विचारायच्या, "बोलो डॉक्टर, चाय या दालपकवान?" सर बोटाने खूण करायचे. बिचाऱ्या उमेदवाराला काही पत्ताच नसायचा. तो चहा पिऊन, आभार मानून निघून जायचा.

सरांवर दडपण येत नव्हतं असं नाही. एका बिल्डरचा मुलगा आला होता. सरांना वरचा मजला वाढवायचा होता, आणि त्या बिल्डरशिवाय ते काम पुढे सरकणार नव्हतं. मुलाला चहा मिळाला. संध्याकाळी बिल्डर स्वतः आला, गोड बोलला, मग जरा कमी गोड बोलला. सरांनी त्याला बसवलं आणि विचारलं, "साईं, उद्या तुमचं पोट बिघडलं, तर तुम्ही ते याच्या हातात द्याल? मनापासून सांगा." बाप खाली बघत राहिला. "मी पण नाही देणार," सर म्हणाले. वरचा मजला तसाच राहिला. माझं पोट मी याच्या हातात देईन का, हा सरांचा शेवटचा प्रश्न असायचा आणि त्याचं उत्तर त्यांनी कोणासाठी वाकवलेलं मी पाहिलं नव्हतं. मुंबईच्या सर्जनांनाही ते फोनवर तेवढंच सांगायचे: पोट देईन, किंवा नाही देणार.

मी अंबरनाथची. वडील एमआयडीसीत फिटर होते. मी सरांकडे गेले तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे फाइल केबिनमध्ये राहिली याचा मला आनंदच झाला. कपाटाच्या बिजागरीची गोष्ट त्या दिवशी फार रंगली. मला वाटलं, ही माणसं पेशंट टेबलावर असताना काय हे बोलतायत. मी आपली पित्ताशयाची रिकामी जागा पडद्याच्या मधोमध धरून उभी राहिले, रक्त येतंय का बघत. मॅडमनी विचारलं. सरांनी बोट वर केलं. दालपकवान तिखट होतं आणि मला भूक लागली होती, मी सगळं संपवलं.

वर्षाची तीन वर्षं कशी झाली ते मलाही सांगता येणार नाही. सरांचा पुढचा अवघड पेशंट आहे म्हणून थांब, नवा मुलगा अजून तयार नाही म्हणून थांब, असं करत करत मी राहिले. आणि खरं सांगायचं तर मला तिथे सुख होतं. सरांचं हत्यार हलायच्या आधी मला कळायचं ते कुठे जाणार, आणि कॅमेरा तिथे जाऊन थांबलेला असायचा. आम्ही तासन्‌तास एक शब्द न बोलता काम करायचो. मी रजेवर गेले की दुसरं कोणी कॅमेरा धरायचं, आणि मी परतल्यावर मॅडम सांगायच्या की कल दिनभर डॉक्टर मान चोळत फिरत होते, डावी बाजू. आम्ही हसायचो. सर मला ऑपरेशनंही द्यायचे, हर्निया, अपेंडिक्स, सोपी पित्ताशयं. पण अवघड काम आलं की, "जाधव, तू धर." मी धरायचे. कधी कधी मी स्वतः करत असताना ते कॅमेरा धरून उभे राहायचे, आणि त्यांचीही पाणसळ सुटायची. मी बोलून दाखवायचे नाही, नुसती थांबायचे. ते मास्कच्या आत हसायचे.

मला यकृताची आणि पित्तनलिकेची मोठी ऑपरेशनं शिकायची होती. मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात त्याची जागा निघाली. मी सरांना विचारून अर्ज केला. मुलाखत चांगली झाली. समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ सर्जननी निघताना म्हटलंसुद्धा, "तुमच्या सरांशी एकदा बोलतो, म्हणजे झालं." मी लोकलने परत येताना घरी पेढे न्यायचे की थांबायचं याचा विचार करत होते. थांबले, तेवढं बरं केलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशननंतर हात धुताना सर नळाकडे बघत म्हणाले, "फोन आला होता मुंबईचा. जे खरं ते सांगितलं. असिस्टंट म्हणून एक नंबर. पण माझं पोट मी अजून जाधवच्या हातात देणार नाही."

मी नळ बंद केला. मग विचारलं, "कुठे कमी पडतेय, सर?"

"हात अजून तयार नाहीत. घाई करू नकोस. वर्षभर थांब."

माझा विश्वास बसला. आज याचाच सगळ्यात जास्त राग येतो. बिल्डरच्या तोंडावर खरं बोलणारा माणूस माझ्याशी खोटं कशाला बोलेल? वडिलांना सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं, "कोण म्हणालं? सर स्वतः म्हणाले? मग असेल काहीतरी." त्यांनी आयुष्यभर उस्तादाने नापास केलेला लोखंडाचा जॉब पुन्हा घासला होता. फक्त मॅडम जिन्यात माझा दंड धरून म्हणाल्या, "बेटा, तू समझती नहीं क्या? तू गई तो इसका काम कैसे चलेगा?" मी त्यांच्यावर चिडले. सरांवर असला आरोप केलेला मला खपला नाही. आणखी एक वर्ष मी कॅमेरा धरला. पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली, ज्याच्यासाठी सरांनी पोट द्यायची तयारी दाखवली होती. मी पुन्हा अर्ज केलाच नाही.

मग मी बदलापूरला एका छोट्या हॉस्पिटलात सर्जन म्हणून लागले. लग्न झालं, चिखलोलीला घर घेतलं. काम चांगलं चाललं, लोक नाव घेऊ लागले. पण नळीच्या आसपास जरा काही गुंतागुंत दिसली की माझ्या कानात नळाचं पाणी वाहायचं आणि मी हात मागे घ्यायचे. बारवी धरणाजवळच्या एका पाड्यावरची बाई होती, पित्तनलिकेत खडा अडकलेला, डोळे हळदीसारखे पिवळे. मला ते ऑपरेशन येत होतं. मी मुंबईला पाठवलं. तिचा नवरा म्हणाला, "बाय, तुम्हीच करा ना. आमचं तिकडं कोन नाय." मी म्हटलं, तिकडे मोठे डॉक्टर आहेत. बाई बरी होऊन आली, पण मधल्या दिवसांत तिचा नवरा रुग्णालयाच्या आवारात झोपला आणि त्यांचं भात शेतात उभंच राहिलं. असे बरेच पेशंट मी पाठवले. प्रत्येक वेळी स्वतःला समजावलं, की सर कधी चुकत नाहीत.

गेल्याच्या गेल्या वर्षी एका दुपारी बाह्यरुग्ण विभागात बाकावर सर बसलेले दिसले. नंबर लावून, इतर पेशंटांमध्ये. अंगाने उतरले होते. एका हातात सोनोग्राफीचा लिफाफा आणि दुसऱ्या हातात कागदाचा पुडा, त्यातून कांद्याचा वास येत होता. आत आल्यावर त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवलं.

"पित्ताशय," ते म्हणाले. "खडे आहेत. दोनदा सुजून गेलंय, सगळं चिकटलेलं असणार. अवघड जाईल."

मी फोटो बघितले. अवघड होतंच. मी म्हटलं, "सर, मुंबईत तुमचे इतके विद्यार्थी आहेत. एका फोनवर धावत येतील."

"येतील ना. मीच पाठवलेत सगळे." ते भिंतीवरच्या यकृताच्या चित्राकडे बघत होते. "पण पोट तुझ्याच हातात द्यायचं, हे माझं कधीचंच ठरलेलं होतं."

"कधीपासून?"

"तू आलीस, दुसरं वर्ष असेल."

बाहेर सिस्टर पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होती. मी उठून दार लावलं. इतकी वर्षं मी सरांचं मत चुकीचं असेल असंही कधी धरलं नव्हतं, आणि ते मत नव्हतंच. फोन आला तेव्हा त्यांना खरं उत्तर माहीत होतं. सगळी मुंबई ज्या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते तेच वाक्य त्यांनी उलटं करून सांगितलं, आणि नळावर उभं राहून मलाही तेच ऐकवलं.

"मग तेव्हा तसं का सांगितलंत, सर?"

त्यांनी थोडा विचार केला. लपवायचं म्हणून नाही, नीट आठवायचं म्हणून. "तू नसलीस की माझी मान दुखायची," ते म्हणाले. "दुसरा कोणी धरला की पडदा हलतो, मग मान आखडते. संध्याकाळी घास गिळवत नसे. म्हटलं, एखादं वर्ष राहील आणखी."

मला वाटलं होतं काहीतरी मोठं निघेल. असूया, भीती, निदान म्हातारपण. निघाली मान. मी ओरडले असते तर बरं झालं असतं, पण मला ओरडता आलं नाही. मी सिस्टरला बोलावून त्यांच्या रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. दालपकवान टेबलावर तसंच राहिलं. संध्याकाळी मावशींनी विचारलं, "मॅडम, हे टाकू का?" मी म्हटलं, टाका.

ऑपरेशन मी केलं. नाही म्हणता आलं असतं, पण समोर सुजलेलं पित्ताशय होतं आणि ते कोणाचं आहे याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं. कॅमेरा सायलीकडे होता. सायली माझ्याकडे वर्षभर काम करणारी तरुण सर्जन, हसरी, बोलकी, पण कॅमेरा हातात आला की गप्प. आत सगळं खरोखरच चिकटलेलं होतं, नळी कुठली आणि धमनी कुठली समजेना. अशा वेळी मी पोट उघडून मोकळी होते किंवा पेशंट आधीच मुंबईला पाठवलेला असतो. त्या दिवशी मी थांबले, पुन्हा वरून सुरुवात केली, तसूतसूने सोडवत खाली आले. हात एकदाही थरथरले नाहीत. माझ्या हातांना काही झालेलंच नव्हतं. हे मला सरांच्या पोटात शिरल्यावर कळावं, याचं मला तिथेच, मास्कच्या आत रडू आलं. सायलीने पडदा हलू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राउंडला गेले तर सर उशीला टेकून बसले होते.

"कॅमेरा कोणी धरला होता?"

"सायलीने. आमच्याकडे असते."

"पाणसळ?"

"सुटली नाही."

सरांनी मान हलवली. मग अगदी मायेने, पूर्वी एखादी गाठ कशी मारायची ते सांगायचे त्या आवाजात म्हणाले, "मग सोडू नकोस तिला. ठेवून घे. असा हात पुन्हा मिळत नाही."

"मुंबईहून फोन आला होता तिच्यासाठी," मी म्हटलं. "तीच समिती. मी सांगितलं, माझं पोट मी सायलीच्या हातात देईन."

सरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बराच वेळ बघितलं, आणि मग खिडकीकडे वळले. मी त्यांच्या पोटावरची पट्टी तपासली, संध्याकाळपासून पेज द्यायला सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. डिस्चार्ज मिळून घरी जाताना सर माझी वाट बघत थोडे थांबले होते, असं सिस्टर म्हणाली. मी थिएटरात होते.

पुढच्या वर्षी सर झोपेतच गेले, हृदय बंद पडून. उल्हासनगरला शोकसभा झाली. हॉल भरला होता. त्यांनी निवडलेले कितीतरी सर्जन एकेक करून उठले आणि प्रत्येकाने तेच सांगितलं, की माणूस ओळखण्यात सर कधी चुकले नाहीत. मॅडमनी माझ्याकडे माइक सरकवला. मी मानेनेच नको म्हटलं. ते सगळे खरंच बोलत होते. सर माझ्याही बाबतीत चुकले नव्हते, आणि म्हणूनच मी त्यांना माफ केलेलं नाही. करेन असं वाटत नाही. तरीसुद्धा माझ्याकडे कोणी काम मागायला आलं की मी त्याच्या फाइलला हात लावत नाही. खाल्लंय का विचारते आणि हात धुवायला पाठवते.

बारवीकडचे पेशंट मी आता मुंबईला पाठवत नाही. सायली मुंबईला गेली. मजेत आहे, मधूनच फोन करते. तिच्या जागी आलेला मुलगा गुणी आहे, पण त्याची पाणसळ सारखी सुटते. मी हत्यार थांबवून उभी राहते. संध्याकाळी घरी येते तेव्हा मान आखडलेली असते, डाव्या बाजूला, आणि घास गिळताना दुखते.